साथीदाराची तक्रार

माझा धाकटा भाऊ गेला त्या वेळी एक माणूस त्याला शिव्या घालत होता. त्या माणसाचा चेहरा मी तोवर पाहिला नव्हता. आवाज मात्र अजून माझ्या कानातून गेलेला नाही.

दुपारचा चहा घेऊन मी मागच्या खोलीत गेले. भाऊ आरामखुर्चीत होता, मान एका बाजूला कललेली, मोबाईल दोन्ही हातांत आडवा धरलेला. एका कानातला इअरफोन निसटून छातीवर पडला होता आणि त्यातून बारीक पण खणखणीत आवाज येत होता, "ए मास्तर! हल की लेका! भिताडासारखा काय हुबा ऱ्हायलाईस? झोपलास व्हय रं?"

मी कप खिडकीत ठेवला, त्याच्या खांद्याला हात लावला आणि मला कळलं. आवाज थांबेना. तो कसा बंद करायचा ते मला माहीत नव्हतं. मी भावाच्या बोटांतून फोन सोडवला, ते सोपं गेलं नाही; इअरफोनची वायर निघून आवाज मोठ्यानं येऊ लागला तसा तो कपाटातल्या रजयांच्या घडीत कोंबला. रजयांमधूनही तो माणूस ओरडत होता. शेजाऱ्यांना हाक मारायला मी दाराकडे धावले तेव्हा मागून "मास्तर, मास्तर" चाललंच होतं.

भाऊ हायस्कुलात चित्रकला शिकवायचा. पाठीच्या दुखण्यानं त्यानं नोकरी मुदतीआधीच सोडली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढून निवृत्त झाले. लग्न दोघांनीही केलं नाही. मंगळवार पेठेतल्या तीन खोल्यांत आम्ही दोघं राहायचो. जेवणानंतर मी पुढच्या खोलीत वाचायचे आणि तो मागच्या खोलीत मोबाईलवर बंदुकांचा खेळ खेळायचा. चौघांची टोळी एका मैदानात उतरते आणि बाकीच्या टोळ्यांना मारत शेवटपर्यंत टिकायचं, एवढं मला माहीत होतं. भिंतीपलीकडून "नॉक केला", "झोन आला", "कॅम्पर हाय तिथं" असले शब्द यायचे. मला ते दाताखाली खडा आल्यासारखे लागायचे. मी दार ओढून घ्यायचे.

त्याची एक सवय इथंच सांगते. घरातून बाहेर पडताना तो "आक्का, येतो गं" म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. आईची शिस्त होती ती. लहानपणी एकदा तो न सांगता खेळायला पळाला, तर आईनं गल्लीच्या टोकावरून त्याला परत आणलं, उंबऱ्याच्या आत उभं केलं, "येतो" म्हणायला लावलं आणि मग पुन्हा जाऊ दिलं. पुढं आई गेली तरी त्याची सवय राहिली. गच्चीवरची टाकी बघायला निघाला तरी तो "येतो" म्हणायचा. मी पुस्तकातून मान वर न करता "हं" म्हणायचे.

रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर माणसं बरीच जमली होती. नैवेद्य ठेवून सगळे कावळ्याची वाट बघत बाजूला उभे राहिले. आमचे मामा वयानं थकलेत, पण आवाज थकलेला नाही. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मोबाईलनं खाल्लं पोराला. पन्नाशी उलटली तरी खेळतंय बंदुका बंदुका."

भावाचं हृदय बंद पडलं होतं. डॉक्टरांनी ते लिहून दिलं होतं. पण माझ्या तोंडून मोठा आवाज निघत नाही, कधीच निघाला नाही. वाचनालयात आयुष्य गेलेल्या बाईचा राग आतल्या आत साठत जातो. मामांच्या शेजारचा एक जण म्हणाला, "पण त्रास न्हाय झाला. लगीच गेला. भाग्य लागतं." त्यावर चार माना हलल्या. परतताना मामांनी विचारलं, "त्याची स्कूटर आता कोण वापरणार?" रक्षा अजून पाण्यावर तरंगत असेल.

फोन मी बरेच दिवस उघडला नाही. मग विजेच्या बिलासाठी त्यावर येणारा नंबर हवा होता म्हणून चार्ज केला. चुकून बोट लागून खेळ उघडला आणि त्याच्यावर एक इंग्रजी सूचना आली. मी ती शांतपणे वाचली, कारण वाचणं हे मी दुसऱ्या कशाहीपेक्षा शांतपणे करू शकते. साथीदारांना अडचणीत सोडून तुम्ही सामन्यात निष्क्रिय राहिलात. साथीदाराच्या तक्रारीवरून तुमच्यावर कारवाई करण्यात येत आहे. तुमचे गुण कापले आहेत, काही काळ तुम्हाला खेळता येणार नाही. अशा वर्तनाने इतरांच्या आनंदावर विरजण पडते, कृपया सुधारणा करा.

सुधारणा करा.

इतके दिवस माझा राग कुणावर धरावा ते मला कळत नव्हतं. देवावर धरायची सवय नाही, डॉक्टरांवर धरण्यात अर्थ नव्हता. आता त्याला पत्ता मिळाला. साथीदाराची तक्रार. मेलेल्या माणसावर कुणीतरी कामचुकारपणाची तक्रार केली होती, आणि ती कुणी केली असणार याबद्दल मला जराही शंका नव्हती. रजयांतून ओरडणारा तो. त्याला शोधायचं आणि ती तक्रार त्याच्याच तोंडानं मागं घ्यायला लावायची, हे मी भावाच्या आरामखुर्चीत बसून ठरवलं.

पण तक्रार कशाची होती? सूचनेत तीन इंग्रजी अक्षरं होती, एएफके. मी सवयीनं शब्दकोशाच्या कपाटाकडे गेले. चांगला जाडजूड कोश, मी स्वतः बाइंडिंग करून घेतलेला. त्यात ही अक्षरं नव्हती. 'कॅम्पर' होता, तो तंबूत राहणारा. तंबूतला माणूस मागच्या खोलीत काय करत होता? एकेका शब्दापाशी मी अडले आणि प्रत्येक अडण्याबरोबर जास्त चिडले. ज्यांनी हे शब्द केले त्यांना कुणी म्हातारं माणूस वाचायला बसेल याची फिकीर नव्हती.

मग मी त्याच्या टोळीचा ग्रुप उघडला. खेळाच्या वेळा, टिंगल, सकाळची फुलं. त्यात तिघं होते. भाऊ, गारगोटीचा एक विजेच्या सामानाचा दुकानदार आणि चंदगडची एक औषधांच्या दुकानातली बाई, जिला ते दोघं वहिनी म्हणत. चौथा गडी खेळच कुठूनतरी अनोळखी आणून द्यायचा. त्याला ही मंडळी 'रँडम' म्हणत. भाऊ गेल्यानंतरचे निरोप न वाचलेले होते.

"मास्तर कुठं हाईस?"

"रुसला व्हय?"

"बरं बाबा, बोललो ते सोड. ये."

"मास्तर, वहिनी म्हणतीया तुझ्याबिगर खेळणार न्हाय."

यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार? आमच्या नातेवाइकांच्या लेखी ही माणसं नव्हतीच. माझ्याही लेखी नव्हती.

मी लिहिलं, "एएफके म्हणजे काय?"

उत्तर लगेच आलं. दुकानदाराचं. "आला! आला! वहिनी, मास्तर आला. काय रं, डोस्कं फिरलंय काय? तूच शिकवलास की आमाला. वर चित्र बघ तुझं."

मी वर सरकत गेले. आणि माझ्या भावाच्या हाताची रेघ दिसली.

ती रेघ मी कुठंही ओळखीन. खेळातला एकेक शब्द त्यानं कागदावर काढून, फोटो काढून त्यांना पाठवला होता. चंदगडच्या बाईला सुरुवातीला काही कळत नव्हतं म्हणून हे सुरू झालेलं दिसलं. 'कॅम्पर' म्हणून त्यानं पोत्यांच्या थप्पीमागे बूड टेकून बसलेला माणूस काढला होता, बंदूक मांडीवर, बाजूला चहाचा कप, खाली लिहिलेलं, 'हा दिवसभर इथंच.' म्हणजे लपून एकाच जागी बसणारा. 'थर्ड पार्टी' म्हणजे तालमीच्या लाल मातीत दोन पैलवान एकमेकांत अडकलेले आणि तिसरा ताजातवाना हात चोळत आत येणारा. 'लॅग' म्हणजे डोंगरावरून हाक मारणारी बाई, आणि खाली भाकरी खाऊन, हात धुऊन झाल्यावर "आँ?" म्हणून वर बघणारा गडी. नेट हळू असलं की असं होतं. 'नूब' म्हणजे नवशिका, बंदूक उलटी धरून मैदानाच्या मधोमध उभा असलेला चष्मेवाला. तो चष्मा भावाचा होता.

कोश हरला होता तिथं मला सगळं समजत होतं. त्यानं मी अधिक संतापले. इतकी वर्षं भिंतीपलीकडे हे चाललं होतं आणि ही चित्रं बघायला चंदगड आणि गारगोटी होती, मी नव्हते. एकदा तरी दाखवायचं होतंस. मी हसले असते.

'नॉक'चं चित्र होतं, गुडघ्यावर आणि तळव्यांवर रांगणारा माणूस. शेजारी त्यानं बारीक अक्षरात लिहिलं होतं की नॉक झालेला मेलेला नसतो. थोडा वेळ असतो. तेवढ्यात कुणी पोचलं, त्याच्याजवळ बसलं, तर तो उठतो. पुढच्या कागदावर तेच, 'रिव्हाइव्ह', एक जण बंदूक खाली ठेवून पडलेल्याच्या पाठीवर हात धरून बसलेला. हात काढला की पहिल्यापासून.

हे मी दोनदा पाहिलं आणि फोन पालथा ठेवला. खेळ करणाऱ्यांनासुद्धा कळलं होतं की पडलेल्या माणसाला थोडा वेळ द्यावा लागतो. नदीवर ज्यांनी "लगीच गेला, भाग्य" म्हणून माना हलवल्या त्यांना हे चित्र दाखवावंसं वाटलं. मला ते भाग्य नको होतं. मला तेवढा वेळ हवा होता. मी स्वयंपाकघरातच होते, भिंतीपलीकडे, चहाला उकळी येईपर्यंत उभी.

एएफकेचं चित्र त्यानंतर सापडलं. टपरीसमोर स्टँडवर लावलेली स्कूटर, इंजिन चालू, धूर निघतोय, वर कुणी नाही. स्कूटर त्याचीच, मागच्या चाकाजवळचा पोचा त्यानं विसरला नव्हता. म्हणजे खेळ चालू ठेवून उठून गेलेला. मूळ अक्षरांचा अर्थ कीबोर्डपासून दूर. त्याच्याकडं कीबोर्ड नव्हता आणि तो कुठं दूरही गेला नव्हता. फोन त्याच्या हातात होता. बोटं सोडवायला मला जोर लावावा लागला होता.

मी ग्रुपवर लिहिलं, "मी मास्तरांची बहीण. तो खेळता खेळताच गेला. त्या दिवशी दुपारी. तुम्ही ओरडत होता तेव्हा."

शेवटचं वाक्य लिहिलं नसतं तरी चाललं असतं. मी ते मुद्दाम लिहिलं.

 मग दुकानदाराचा फोन येऊ लागला. मी उचलला नाही. तो पुन्हा आला, पुन्हा आला. चंदगडच्या बाईनं एवढंच लिहिलं, "आक्का, गारगोटीवाल्याचं साधं बोलणंबी ओरडल्यासारखंच असतंय. मनाला लावून घेऊ नका." मी मनाला लावून घ्यायचंच ठरवलं होतं. दुकानदारानं लिहिलं, "भेटाय येऊ?" मी लिहिलं, "नको. मी येते. दुकान कुठं आहे?"

गारगोटीची एसटी गच्च होती. मला खिडकीपाशी जागा मिळाली. वाटेत मी वाक्यं तयार केली. चांगली, पूर्ण, व्याकरणशुद्ध वाक्यं. दुकान बाजाराच्या रस्त्यावर होतं. वायरींची भेंडोळी, पंखे, दिव्यांच्या माळा. आत चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस स्टुलावर उभा राहून वरचा खोका काढत होता आणि खाली उभ्या गिऱ्हाइकाला सांगत होता, "ह्यो न्हाय चालायचा, घरी जाऊन बोंबलशील!" तोच आवाज. प्रेमानं बोलत होता तरी तोच.

"या पावणं," तो स्टुलावरूनच म्हणाला.

"मी मास्तरांची बहीण."

तो खाली उतरला. गिऱ्हाइकाला म्हणाला, "मागनं ये." गिऱ्हाईक म्हणालं, "आरं पण पंखा..." तो म्हणाला, "मागनं ये म्हणतोय न्हवं!" आणि मला खुर्ची पुसून दिली. "बसा आक्का. च्या सांगतो."

"चहा नको. तक्रार तुम्ही केलीत?"

माझी तयार केलेली सगळी वाक्यं संपली होती, हे एकच उरलं.

तो खोटं बोलेल असं मला वाटलं होतं. खोटं बोलला असता तर माझं काम सोपं होतं. रँडमवर ढकलायची सोय होतीच.

"व्हय," तो म्हणाला. "मीच केली."

"तो मेलेला होता."

"मला काय म्हाईत, आक्का? त्यो हुबा होता. झोन आवळत आलता, म्हंजे रिंगण बारीक होत येतं, भाईर ऱ्हायला की मेला. आमी दोघं त्याच्यापाशी थांबलो. वहिनी म्हणाली, सोडायचा न्हाय मास्तरला. त्यो रँडम गेला फुडं पळून. आमी हाका मारतोय, ह्यो ढिम्म. झोन आला, तिघंबी मेलो. सोडून गेलो असतो तर जिकलोतो. मग आला राग. दाबलं बटण."

"राग आला म्हणून दाबलंत."

"राग आला म्हणून न्हाय." त्यानं गळ्यातला टॉवेल काढून काउंटरवर ठेवला. पहिल्यांदाच आवाज खाली आला, तरी शेजारच्या दुकानात ऐकू जाईल इतका होता. "आमच्या टोळीचा नेम होता. कुणीबी, कवाबी, मधनंच उठायचं झालं तर 'येतो' म्हणायचं आणि उठायचं. न सांगता उठला की बाकीच्यांनी तक्रार टाकायची. दोस्त हाय, पावणा हाय, बघायचं न्हाय. मला एकदा गिऱ्हाईक आलं, मी न सांगता उठलो. आठ दिस बंद झालो. कुणी तक्रार टाकलीती? त्यानंच. मी फोन करून शिव्या दिल्या तर मला म्हणतो, माणूस येतो म्हणून गेला तर मागचा वाट बघतो. न सांगता गेला तर मागच्यानं काय करायचं?"

मी खुर्चीत बसले होते. मांडीवर पिशवी होती, पिशवीत त्याचा फोन.

"नेम त्याचाच हाय, आक्का. आमी आपलं मास्तर म्हणून ऐकत गेलो."

त्याचाही नव्हता. आईचा होता. गल्लीच्या टोकावरून कान धरून आणलेल्या मुलाचा होता. त्यानं तो उचलून गारगोटीपर्यंत आणि चंदगडपर्यंत नेला होता, आणि ज्या दुपारी पाळायचा त्या दुपारी पाळला नाही. मी स्वयंपाकघरात होते. मधे एक भिंत होती. एक शब्द पुरला असता. आयुष्यभर टाकी बघायला जाताना म्हणालास, दूध आणायला जाताना म्हणालास, आणि मी मान वर करून कधी पाहिलं नाही कारण तू येणारच होतास.

समोरच्या माणसावर धरलेला राग एवढा लांबून मी एसटीतून आणला होता. तो कुठं ठेवावा ते कळेना. परत नेणं भाग होतं, आणि परत नेताना तो कुणावरचा होता ते आता मला माहीत होतं.

"मी लिवतो कंपनीला," तो म्हणाला. "चूक झाली, माणूस वारला, काढून टाका म्हणतो. वहिनीबी लिवंल. इंग्रजीत तुमी सांगा काय लिवायचं ते." त्यानं कागद पुढं ओढला, पेन झटकून बघितलं. त्याचे डोळे लाल झाले होते आणि तो ते लपवत नव्हता.

यासाठीच मी आले होते.

"राहू दे," मी म्हणाले.

"आँ?"

"काढू नका. तक्रार बरोबर आहे."

"आक्का, असं नगा करू. मला झोप न्हाय लागत त्यानं."

"तुमच्यासाठी नाही. तो न सांगता उठला. नियम त्याचा. राहू दे त्याच्यावर."

माझा आवाज चढला होता. रस्त्यावरच्या एका बाईनं वळून पाहिलं. मला स्वतःला तो आवाज नवा होता. नदीवर मामांसमोर निघायला हवा होता तो इथं, पंख्यांच्या खोक्यांमध्ये निघाला. दुकानदारानं पेन खाली ठेवलं. मग एवढंच म्हणाला, "व्हय. त्याला सोडलंच न्हाई पायजे." आणि काउंटरवरचा टॉवेल उचलून तोंड पुसलं.

चहा आलाच. मी घेतला. त्यानं मला भावाचं एक चित्र दाखवलं, दुकानाच्या आतल्या भिंतीवर चिकटवलेलं. तिघं एका झुडपामागे दडलेले, दुकानदाराचं तोंड एवढं उघडं की त्यात झुडूप मावेल. खाली लिहिलेलं, 'गुपचूप चाललेली टोळी'. मी ते बराच वेळ पाहिलं. मग मला त्या दुकानात बसवेना. तो आतून पेपरात गुंडाळून मला द्यायला काहीतरी शोधत होता. मी उठले, पायरी उतरले आणि स्टँडकडे चालू लागले.

परतीच्या एसटीत पिशवीतला माझा फोन वाजला. मामा होते. "स्कूटरचं काय ठरवलंस?" मी म्हणाले, "मी शिकणार आहे." ते म्हणाले, "ह्या वयात?" मी म्हणाले, "हो," आणि फोन ठेवला. शिकेन की नाही ते मला माहीत नव्हतं. पण त्याच्या चित्रात टपरीसमोर उभी असलेली ती स्कूटर मी कुणाला देणार नव्हते.

मग भावाचा फोन वाजला. ग्रुप होता. चंदगडच्या बाईनं विचारलं होतं, "आक्का, बसलासा का गाडीत?" आणि त्याखाली दुकानदारानं लिहिलं होतं, "मी आत हुतो आणि तुमी न सांगता गेलासा. येते म्हणाला न्हाईसा. मास्तरची भन म्हणून सोडणार न्हाय. रिपोर्ट करणार."

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. गाडी हलत होती, अक्षरं नीट टाइप होईनात.

मी लिहिलं, "करा."